उपासमारग्रस्त घोड्यांच्या पुनर्पोषणातील चयापचयात्मक बदल : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर अलिबाग, काशीद, मुरूड या ठिकाणी घोडा हे आजही अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे. ओहोटीच्या वेळी अलिबागच्या पुळणीवरून कुलाबा किल्ल्याकडे पर्यटकांना नेणाऱ्या घोडागाड्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. याच जिल्ह्यातील माथेरानमध्येही माणसांच्या आणि सामानाच्या वाहतुकीत घोड्याचे स्थान मोठे आहे. या घोड्यांची चंदी मालकाच्या रोजच्या मिळकतीतून येते. पर्यटक थांबले की मिळकत थांबते आणि पहिली काटछाट चंदीत होते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पर्यटन ठप्प झाले. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर धडकले. घोड्यावर पोट असणाऱ्या कुटुंबांची मिळकत आणि घोड्याचा आहार यांचे नाते किती नाजूक आहे, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

हाडे दिसू लागलेला घोडा पाहिला की कोणाही सहृदय माणसाची पहिली प्रेरणा त्याला पोटभर खाऊ घालण्याची असते. भिजवलेले हरभरे, गूळ, भाकरी, बाजरी असे जे हाताशी असेल ते तोबऱ्यात भरले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या घोड्याला सर्वाधिक धोका अन्न पुन्हा मिळू लागल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत असतो, आणि हा धोका प्रामुख्याने अन्नाच्या प्रकारामुळे व प्रमाणामुळे निर्माण होतो. त्यामागील शरीरक्रियात्मक कारणे आणि त्यावरील उपाय यांचे विवेचन येथे केले आहे.

उपासमारीच्या काळातील चयापचय

पुरेसा आहार मिळत असताना घोड्याच्या शरीराला ऊर्जा मुख्यतः दोन मार्गांनी मिळते. धान्यातील पिष्टमय पदार्थांचे लहान आतड्यात ग्लुकोज बनते, तर वैरणीतील तंतुमय भाग अंधांत्रात व मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने आंबून त्यापासून बाष्पशील मेदाम्ले तयार होतात. आहार बंद झाला की यकृतातील ग्लायकोजेनचा साठा प्रथम वापरला जातो. तो अल्पावधीत संपतो. इन्शुलिनची पातळी खाली येते, ग्लुकॅगॉन व कॉर्टिसॉल यांचा प्रभाव वाढतो आणि शरीर साठवलेल्या मेदाकडे वळते. मेद संपत आला की स्नायूंतील प्रथिनांचे विघटन वाढत जाते. हे विघटन केवळ पायांच्या आणि पाठीच्या स्नायूंपुरते मर्यादित राहत नाही. हृदयाचे स्नायू व आतड्याचे अस्तरही त्यात झिजते.

तट्टू जातीच्या घोड्यांत आणखी एक गुंतागुंत संभवते. ऊतींमधून मेद एकाएकी मोठ्या प्रमाणावर सुटू लागला तर रक्तातील मेदाचे प्रमाण अतोनात वाढते व यकृतात मेद साचून त्याचे कार्य बिघडते. म्हणूनच लठ्ठ तट्टाचे खाणे अचानक तोडणेही घातक ठरू शकते.

या सर्व काळात पेशींमधील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचे साठे रिते होत जातात. मात्र त्यांची रक्तातील पातळी बराच काळ सामान्य दिसते, कारण पेशींतील क्षार रक्तात येऊन ती तूट झाकतात. त्यामुळे रक्ततपासणीचा अहवाल समाधानकारक असतानाही जनावर आतून पोकळ झालेले असू शकते.

पुनराहाराचा आघात

अशा घोड्याला धान्य किंवा गूळ दिल्यास रक्तातील ग्लुकोज झपाट्याने वाढते आणि बराच काळ मंदावलेले इन्शुलिन एकदम स्रवू लागते. इन्शुलिन ग्लुकोजला पेशींत नेते. त्याबरोबर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही पेशींत ओढले जातात. ज्या शरीरात या क्षारांचा साठाच उरलेला नाही, तेथे रक्तातील पातळी काही दिवसांतच धोकादायकरीत्या खाली येते.

फॉस्फेटशिवाय पेशीचे ऊर्जाचलन असलेले एटीपी तयार होऊ शकत नाही. लाल रक्तपेशींना ऊतींपाशी प्राणवायू सोडण्यासाठी लागणारे फॉस्फेटयुक्त संयुगही घटते. परिणामी अन्न मिळत असूनही पेशी ऊर्जेला आणि प्राणवायूला मुकतात. हृदयाची लय बिघडते, श्वसनाचे स्नायू दुबळे होतात, लाल पेशी फुटू लागतात, झटके येतात. उपासमारीतून वाचलेला घोडा पुनराहार सुरू झाल्यानंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दगावतो, तो या कारणाने. या अवस्थेला रिफीडिंग सिंड्रोम, म्हणजेच पुनराहार लक्षणसमूह, असे म्हणतात.

याच्या जोडीला घोड्याच्या पचनसंस्थेची स्वतःची मर्यादा आहे. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते आणि त्याला वांती करता येत नाही. लहान आतड्यात न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात पोहोचले की तेथे लॅक्टिक आम्ल वाढते, तंतू पचविणारे सूक्ष्मजीव मरतात आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह उद्भवतो.

हा प्रश्न केवळ घोड्यांचा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मुक्त झालेल्या उपाशी युद्धकैद्यांमध्ये आहार सुरू होताच हृदयविकार व मृत्यू घडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. तीव्र कुपोषित बालकांना आरंभी १०० मिलिलिटरमागे केवळ ७५ किलोकॅलरी देणारे एफ-७५ हे दूध दिले जाते व प्रकृती स्थिरावल्यावरच अधिक ऊर्जेचा आहार सुरू होतो, त्यामागील तत्त्वही हेच आहे.

कोणता आहार, किती प्रमाणात?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संस्थेत कॅरोलिन स्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाशी घोड्यांवर समान ऊर्जेच्या वेगवेगळ्या आहारांचा अभ्यास केला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाळवलेला लसूणघास सर्वाधिक योग्य ठरला. त्यात पिष्ट कमी असल्याने इन्शुलिनची उसळी मर्यादित राहते; शिवाय उत्तम प्रथिने, फॉस्फरस व मॅग्नेशियम त्यातूनच मिळतात.

त्यावर आधारित पद्धतीनुसार पूर्ण वाढीच्या मोठ्या घोड्याला पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे ४५० ग्रॅम वाळलेला लसूणघास द्यावा. चौथ्या दिवसापासून प्रमाण हळूहळू वाढवून वेळा कमी कराव्यात, जेणेकरून सहाव्या दिवशी दर आठ तासांनी सुमारे दोन किलो घास दिला जाईल. दहा दिवसांनंतर दिवसातून दोन वेळा, खाईल तेवढा द्यावा. या काळात स्वच्छ पाणी सदैव उपलब्ध असावे. धान्य मात्र जनावर बरेच सावरेपर्यंत देऊ नये.

आपल्याकडील तट्टाचे वजन २५० किलोच्या आसपास धरल्यास हे प्रमाण साधारण निम्म्यावर येते, म्हणजे प्रारंभी दर चार तासांनी २५० ग्रॅम. हिरव्या घासात पाण्याचा अंश बराच असल्याने तो सुमारे चौपट वजनाने, म्हणजे किलोभर, मोजावा लागेल. वजनकाटा नसल्यास छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास देहाच्या लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे किलोग्रॅममधील अंदाजे वजन होय. प्रगती नोंदविण्यासाठी हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली १ ते ९ अशी शरीरस्थिती-श्रेणी उपयुक्त आहे. मान, खांदा, बरगड्या, पाठ व शेपटीचे मूळ यांवरील मेद हाताने चाचपून ती ठरविली जाते. पूर्ववत वजन येण्यास सामान्यतः तीन ते पाच महिने लागतात.

किनारपट्टीवरील अडचणी

येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. लसूणघासाला निचऱ्याची, आम्लता नसलेली जमीन मानवते. कोकणची जांभी, आम्लधर्मी जमीन आणि मुसळधार पाऊस त्यास अनुकूल नाहीत. त्यामुळे तो घाटमाथ्यापलीकडून आणावा लागतो. येथे मुबलक मिळणारा भाताचा पेंढा प्रथिने व फॉस्फरस या दोन्ही बाबतींत निकृष्ट असून त्यात सिलिकाचे प्रमाण अधिक असते. म्हणजे नेमका जो घटक उपाशी घोड्याच्या रक्तातून नाहीसा होणार, तोच या वैरणीत अपुरा आहे. पोट भरलेले दिसते. तूट मात्र कायम राहते. त्यामुळे आपत्तीच्या काळात मदत पाठविणाऱ्यांनी हरभऱ्याच्या पोत्यांऐवजी वाळलेल्या लसूणघासाच्या गाठी पाठविणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

प्रत्येक कृश घोडा उपाशीच असतो, असेही नाही. रक्त पिणाऱ्या माश्यांद्वारे पसरणारा सर्रा, जंत, तसेच झिजलेले किंवा धारदार झालेले दात यांमुळेही घोडा खंगतो. म्हणून पशुवैद्यकाची तपासणी आधी व्हावी. जंतनाशकही त्यांच्याच सल्ल्याने, जनावर थोडे सावरल्यावर द्यावे.

समारोप

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार पाळीव जनावरास पुरेसे अन्नपाणी न देणे हा अपराध आहे. परंतु जेथे मालकाच्याच घरी चूल पेटण्याची भ्रांत असते, तेथे केवळ कायद्याच्या धाकाने घोडा वाचत नाही. त्याला वेळेवर आणि योग्य मापाने दिलेली वैरण हवी असते. आपल्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभागांनी व राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी घोडेवाल्यांपर्यंत एवढे जरी पोहोचविले की, उपाशी घोड्यापुढे पहिले दहा दिवस चंदीचा तोबरा धरू नये, थोडा थोडा घास वारंवार द्यावा, तरी पुढील आपत्तीत काही मुकी जनावरे वाचू शकतील.