झिजलेला चेहरा

साधारण 25 सेंटिमीटर उंचीची, हातात सहज मावणारी लाकडी मूर्ती. धडाच्या मानाने डोके खूपच मोठे, केसांची उंच रचना, गालांवर कुळाच्या खुणा, आणि नाक-डोळे जवळजवळ पुसून गेलेले. योरुबांच्या ‘एरे इबेजी’ मूर्तींमध्ये मला सर्वांत मोलाची वाटते ती ही झीज. आईने बोटांनी रोज धुऊन-पुसून, तेल चोळून ती घडवलेली असते.

नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबांमध्ये जुळी फार. विसाव्या शतकात तिथल्या काही भागांत दर हजार बाळंतपणांमागे 40हून अधिक जुळी नोंदली गेली. इग्बो-ओरा गाव तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण जुळी बहुधा अपुऱ्या दिवसांची, अशक्त. त्यातले एक दगावणे पूर्वी नेहमीचेच होते. दोघांचा आत्मा एकच, अशी श्रद्धा. म्हणून एक गेले की मागे राहिलेल्याच्या जिवाचीही काळजी. आईबाप इफाचा कौल लावणाऱ्या बाबालावोकडे जात आणि त्याने सांगितले की मूर्तिकाराला गेलेल्या बाळाची मूर्ती कोरायचे काम देत.

मूर्तिकार वाकसाने आकार काढी, सुरीने बारकावे कोरी. मुलगा गेला असेल तर मूर्ती पुरुषाची, मुलगी गेली असेल तर स्त्रीची. अंगलोट मात्र पुऱ्या वाढलेल्या माणसाची: तान्हेपणीच गेलेल्या बाळाला लाकडात तारुण्य मिळे. आबेओकुटाची घडण वेगळी, इग्बोमिना भागातली वेगळी. जाणकार केशरचनेवरून आणि खुणांवरून मूर्तीचा मुलूख ओळखतात. मोठे दरवाजे आणि भव्य मुखवटे कोरणाऱ्या ओसी-इलोरिनच्या आरेओगुनसारख्या कलावंताच्या नावावरही या छोट्या मूर्ती आहेत.

घरी आल्यावर मूर्तीचे सगळे लेकरासारखे होई. न्हाऊ घालायचे, ओसून नावाच्या लाकडाची तांबडी पूड तेलात कालवून अंगाला लावायची, केसांना नीळ द्यायची, ओठांना घास टेकवायचा. जिवंत भावंडाला नवे कापड आले की हिलाही. जुळी शांगो देवाची लाडकी, म्हणून गळ्यात किंवा कमरेला पुष्कळदा त्याचे लाल-पांढरे मणी. आई बाहेर निघाली की मूर्ती तिच्या कमरेच्या वस्त्रात खोचलेली असे.

विसाव्या शतकात इस्लाम आणि ख्रिस्ती धर्माचा जोर वाढला, तशा असंख्य मूर्ती विकल्या गेल्या. आज त्या युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत आहेत. तिथे त्या सुरक्षित आहेत, हे खरे. पण त्यांना हात लावायला बंदी आहे, आणि हाताच्या स्पर्शावरच तर त्या जगल्या. मूर्तीशेजारी केवळ काळ आणि प्रदेश लिहिलेला पाहिला की मला अपुरे वाटते. चेहरा कशाने झिजला, तेही तिथे लिहायला हवे.

गावांत मात्र ही माया एकदम थांबली नाही. कोरलेल्या मूर्तीऐवजी काही आया बाजारातली प्लास्टिकची बाहुली घेऊ लागल्या. काही घरांनी छायाचित्रकार गाठला. तो जिवंत मुलाचेच दोनदा छायाचित्र घेई आणि दोन्ही एका कागदावर शेजारीशेजारी छापी. गेलेला भाऊ असेल, तर दुसऱ्या खेपेला बहीण मुलाचे कपडे घालून बसे.