डिस्प्ले बंद, पण दोष बॅटरीचा!

मोटरसायकलची किल्ली फिरवावी, समोरच्या मीटरवरील आकडे नेहमीप्रमाणे उजळावेत आणि स्टार्टरचे बटण दाबताच सारा डिस्प्ले क्षणभर काळा पडावा. पुन्हा उजळतो तेव्हा घड्याळाची वेळ पुसली गेलेली आणि ट्रिप मीटर शून्यावर आलेला, असा अनुभव हल्ली अनेक दुचाकीस्वारांना येतो. पहिला संशय अर्थातच डिस्प्लेवर जातो. 'मीटर गेला' असे निदान होते, काही हजार रुपये मोजून नवा संच बसविला जातो आणि पंधरा दिवसांत तीच तक्रार पुन्हा उभी राहते. कारण बहुतेक वेळा दोष डिस्प्लेमध्ये नसतोच. तो असतो बॅटरीत, तिच्या जोडण्यांत किंवा तिला चार्ज करणाऱ्या यंत्रणेत.

या गैरसमजाची किंमत केवळ पैशात मोजून चालणार नाही. भर रहदारीत वेग, इंधन आणि धोक्याच्या सूचना दाखविणारा मीटर अचानक बंद पडणे हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. बॅटरी घरच्या घरी चुकीच्या पद्धतीने चार्ज करणे तर त्याहून धोक्याचे. त्यामुळे या दोन्ही गोष्टींमागील साधे शास्त्र प्रत्येक वाहनधारकाने समजून घ्यायला हवे.

केबलकडून संगणकाकडे

जुन्या मोटरसायकलींत वेगमापकाला विजेची गरज नव्हती. पुढच्या चाकापासून निघालेली केबल फिरायची आणि काटा हलायचा. बॅटरी पूर्ण उतरली तरी किक मारून गाडी सुरू होत असे. गेल्या दोन दशकांत हे चित्र पालटले. चाकाजवळील किंवा गिअरबॉक्सवरील सेन्सर विजेचे स्पंद पाठवितो, मीटरमधील छोटा संगणक ते मोजतो आणि आकडा दाखवितो. १ एप्रिल २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत कायम पेटता ठेवणे बंधनकारक झाले. १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज-६' निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटरची जागा मोठ्या प्रमाणावर इंधन इंजेक्शनने घेतली. म्हणजे पेट्रोलचा पंप, इंजिनाचा नियंत्रक संगणक, दिवा आणि डिस्प्ले असा सगळा भार विजेवर आला. अनेक गाड्यांची किकही गेली. बॅटरी मात्र पूर्वीइतकीच, हाताच्या तळव्यावर मावणारी राहिली.

शंभर ते दीडशे सीसीच्या मोटरसायकलीत साधारण ३ ते ५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. मोटारीत हीच क्षमता ३५ किंवा त्याहून अधिक असते. हा फरक चार्जिंगच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो.

बटण दाबताच काय होते?

स्टार्टरची मोटर क्षणभरासाठी बॅटरीतून फार मोठा प्रवाह ओढते. बॅटरी निरोगी असेल, तर तिचा दाब त्या क्षणी थोडा खाली येतो आणि लगेच सावरतो. बॅटरी अशक्त असेल, तर तो इतका कोसळतो की मीटरमधील संगणकाला काम करण्यापुरती वीज उरत नाही. तो बंद होतो आणि दाब परतताच नव्याने सुरू होतो. वेळ व ट्रिप पुसली जाण्याचे कारण हेच. एकूण धावलेले किलोमीटर मात्र कायमस्वरूपी स्मृतीत नोंदलेले असल्याने ते सहसा पुसले जात नाहीत.

डिस्प्लेचे दुखणे ओळखण्यासाठी लक्षणांकडे नीट पाहिले तरी निम्मे निदान होते. स्टार्टर दाबतानाच आकडे लुकलुकत असतील आणि सोबत आसनाखालून 'टक्-टक्' असा रिलेचा आवाज येत असेल, तर संशय बॅटरीवर घ्यावा. गाडी खड्ड्यातून गेली किंवा हँडल वळविले की डिस्प्ले बंद-चालू होत असेल, तर एखादी वायर तुटत आली आहे किंवा बॅटरीच्या टर्मिनलचा अथवा चासीला जोडलेल्या 'अर्थ'चा स्क्रू सैल आहे असे समजावे. बाकी सारे ठीक असून केवळ वेग शून्य दिसत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर तपासावी. डिस्प्लेसह इतर विद्युत उपकरणेही एकदम बंद पडली, तर आधी फ्यूज पाहावा. आकड्यांच्या काही रेघाच उमटत नसतील किंवा उन्हाने काच काळवंडली असेल, तरच दोष खुद्द डिस्प्लेचा मानावा.

फ्यूज उडाला म्हणून त्याजागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याचा 'जुगाड' अनेक ठिकाणी चालतो. तो कटाक्षाने टाळायला हवा. फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून. त्याच अँपिअरचा नवा फ्यूज पुन्हा उडाला, तर कोठेतरी शॉर्ट आहे हे निश्चित.

तीन आकड्यांची चाचणी

काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर येथे फार उपयोगी पडतो. पहिली नोंद गाडी काही तास उभी राहिल्यावर, किल्ली बंद असताना घ्यावी. बॅटरीच्या दोन टोकांमधील दाब १२.६ व्होल्ट किंवा थोडा अधिक असेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे. १२.४ च्या आसपास असेल तर सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ असेल तर निम्मी आणि १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ उतरलेली आहे.

दुसरी नोंद स्टार्टर दाबताना घ्यावी. त्या क्षणी आकडा १० व्होल्टच्या बराच खाली घसरला, तर पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासावे. तरीही तो घसरत असेल, तर बॅटरीचे आयुष्य संपत आले आहे.

तिसरी नोंद सर्वात महत्त्वाची आणि नेमकी तीच बहुतेकदा घेतली जात नाही. इंजिन सुरू करून वेग मध्यम ठेवावा. या वेळी बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. आकडा १२.५ च्या पुढे सरकतच नसेल, तर बॅटरी चार्ज होत नाही. नवी बॅटरी घातली तरी ती काही दिवसांत उतरेल. आकडा १५ च्या वर जात असेल, तर 'रेग्युलेटर-रेक्टिफायर' हा भाग बिघडला आहे. इंजिनावरील अल्टरनेटरची वीज एकदिश करून तिला मर्यादेत ठेवणे हे त्याचे काम. ही मर्यादा सुटली की बॅटरी उकळते, दिवे उडतात आणि डिस्प्लेमधील नाजूक घटक जळतात. अशा गाडीला नवा मीटर बसविणे म्हणजे तोही जळण्याची सोय करणे होय.

इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग आहे की नाही' हे पाहण्याची पद्धत काही गॅरेजमध्ये आजही दिसते. बॅटरी विजेतील चढउतार शोषून घेते. ती अचानक दूर केली, तर दाबाची उसळी थेट डिस्प्ले व नियंत्रक संगणकावर आदळते. क्रॅश गार्ड किंवा कॅरिअरला वेल्डिंग करतानाही बॅटरी आधी सोडविणे आवश्यक आहे.

पावसाळा आणि पाण्याचा फवारा

मुंबई-कोकणातील पावसात मीटरच्या काचेत आतून वाफ धरणे हा नेहमीचा प्रकार आहे. ऊन पडताच हलकी वाफ गेली तर चिंता नको. पण थेंब साचत असतील, तर मीटरचे सील गेले आहे. सर्व्हिसिंगच्या वेळी दाबाच्या पाण्याचा फवारा थेट मीटर आणि स्विचवर मारू देऊ नये. कनेक्टरच्या पितळी पिनांवर चढणारा हिरवट गंज हे अनेक 'गूढ' बिघाडांचे मूळ असते. बॅटरीच्या टर्मिनलवरील पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

चार्जिंग करताना

बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि क्षमता कायमची घटते. त्यामुळे ती वेळीच चार्ज करणे गरजेचे. मात्र किती प्रवाहाने, हा कळीचा मुद्दा आहे. सर्वसाधारण नियम असा, की बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश प्रवाह द्यावा. ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. म्हणजे चार्जिंगला दहा तासांच्या आसपास वेळ लागणारच. बॅटरीच्या अंगावर बहुधा हे आकडे छापलेले असतात, ते वाचावेत. मोटारीच्या बॅटरीसाठी असलेल्या ५ अँपिअरच्या चार्जरवर तासाभरात 'फुल्ल' करून देणाऱ्या दुकानदारापासून लांब राहावे.

याचे कारण रासायनिक आहे. प्रवाह जास्त झाला किंवा चार्जिंग लांबले, की बॅटरीतील सौम्य गंधकाम्लातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायू बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण केवळ ४ टक्के झाले, तरी एखादी ठिणगी स्फोटाला पुरते आणि फुटलेल्या बॅटरीतील आम्ल चेहऱ्यावर उडते. म्हणूनच चार्जिंग हवेशीर गॅलरीत करावे. स्वयंपाकघरातील शेगडीजवळ, देवघरातील समईजवळ किंवा बंद खोलीत अंथरुणाशेजारी कधीही नाही.

बॅटरी काढताना आधी उणे (काळी) आणि मग अधिक (लाल) वायर सोडवावी. बसविताना आधी लाल, नंतर काळी. याचे कारण साधे आहे. गाडीचा सारा सांगाडा उणे टोकाला जोडलेला असतो. लाल वायर आधी सोडविताना पाना सांगाड्याला टेकला, तर शॉर्ट होऊन ठिणगी उडते. चार्जरचे चिमटे त्याचे बटण बंद असतानाच लावावेत आणि काढतानाही आधी भिंतीवरील बटण बंद करावे. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे असावेत. आम्ल डोळ्यात गेल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

पाणी घालण्याची झाकणे असलेल्या जुन्या धाटणीच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही खुणेच्या रेषेपर्यंतच घालावे. 'मेंटेनन्स फ्री' बॅटरीचे सील कधीही उघडू नये. चार्जिंग करताना बॅटरी हाताला गरम लागू लागली, तर ते थांबवावे. फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी चार्ज करण्याच्या भानगडीत पडूच नये. लिथियम प्रकारची बॅटरी बसविली असेल, तर तिच्यासाठी असलेलाच चार्जर वापरावा.

मोटारीच्या बॅटरीवरून दुचाकी सुरू करण्याची वेळ आलीच, तर मोटारीचे इंजिन बंद ठेवावे. आधी लाल वायरने दोन्ही अधिक टोके जोडावीत; नंतर काळी वायर मोटारीच्या उणे टोकाला आणि तिचे दुसरे टोक दुचाकीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे. ट्रकची मदत मात्र घेऊ नये. बहुतेक मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते आणि तिने डिस्प्ले व संगणक दोन्ही जळू शकतात.

विद्युत दुचाकींचा वेगळा धोका

विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना वरील नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्यांतील ऊर्जा कितीतरी पट अधिक असते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विद्युत स्कूटर पेटली. त्याच महिन्यात तामिळनाडूतील वेल्लूर येथे घरात चार्जिंगला लावलेल्या दुचाकीला आग लागून वडील व मुलगी धुराने गुदमरून मरण पावले. त्यानंतर बॅटरी सुरक्षेचे 'एआयएस-१५६' हे मानक केंद्र सरकारने कडक केले आणि डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. तरीही कंपनीचाच चार्जर, अर्थिंग असलेला सॉकेट, प्रवासानंतर बॅटरी निवल्यावरच चार्जिंग आणि घरातून बाहेर पडण्याच्या वाटेवर चार्जिंग नको, ही पथ्ये वाहनधारकालाच पाळावी लागतात.

उभ्या गाडीची काळजी

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म यांसाठी थोडी वीज खर्च होतच असते. बाहेरून बसविलेला अलार्म किंवा मोबाइल चार्जर २० मिलिअँपिअर वीज घेत असेल, तर ५ अँपिअर-तासांची बॅटरी अडीचशे तासांत, म्हणजे जेमतेम दहा दिवसांत रिकामी होईल. गाव गाठायचे म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर निघण्यापूर्वी बॅटरीची उणे वायर सोडवून ठेवणे शहाणपणाचे. आसनाखालील जादा दिवे, कर्कश हॉर्न आणि शोभेच्या पट्ट्या यांचा भारही या चिमुकल्या बॅटरीलाच वाहावा लागतो.

निकामी बॅटरी कचऱ्यात टाकण्याची वस्तू नाही. तिच्यातील शिसे विषारी असून ते पुन्हा वापरता येते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी घरगुती कचऱ्यात न मिसळता विक्रेत्याकडे किंवा अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. विक्रेता बहुधा तिचे थोडे पैसेही देतो.

तेव्हा पुढच्या वेळी डिस्प्ले लुकलुकला आणि गॅरेजमधून 'मीटर बदलावा लागेल' असे उत्तर आले, तर आधी एवढेच विचारावे: बॅटरीवर किती व्होल्ट मिळाले आणि इंजिन सुरू असताना किती? हे दोन आकडे जो सांगू शकत नाही, त्याच्या सांगण्यावरून नवा मीटर घेण्याची घाई करू नये.