चारवर फुंकतो, एकवर रुसतो

महाराष्ट्रात गाडीचा हीटर म्हणजे आहेरात आलेला लेमन सेट. घरात असतो, वापरात नसतो. असं ज्याला वाटतं त्यानं जुलैत कराडहून चिपळूणला निघावं. पाटण मागे पडलं, कोयनानगर आलं, पुढे कुंभार्ली घाट. बाहेर धो धो, आत चौघांचे ओले कपडे आणि श्वास. दोन मिनिटांत समोरची काच दुधाळ. या खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. इथे ब्लोअर लागतो तो रस्ता दिसावा म्हणून.

गंमत म्हणजे बहुतेक गाड्यांत एसी आणि हीटरचा पंखा, म्हणजे हाच ब्लोअर, एकच. ऊब मात्र इंजिनाच्या गरम कूलंटची, जवळजवळ फुकटातली. वारा जोरात येतोय पण गारच, तर ब्लोअरला शिव्या देऊ नका. कूलंट कमी झालं असेल किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल.

आता आमचं लाडकं दुखणं. नॉब एक, दोन, तीनवर ठेवला की शांतता, चारवर वादळ! अशा वेळी मोटर सहसा ठणठणीत असते, मेलेला असतो रेझिस्टर. खालच्या वेगांना वीज त्याच्यातून येते, चारला थेट. तापणाऱ्या या रेझिस्टरला थंड ठेवतो ब्लोअरचाच वारा. केबिन फिल्टर पाल्यापाचोळ्यानं तुंबला की वारा घटतो आणि रेझिस्टर भाजून निघतो. म्हणून नवा टाकताना फिल्टरही काढून बघायचा. हे मिस्त्रीला आपणच सांगावं लागतं.

चारवरही गप्प? आधी फ्यूज. तो चांगला असेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे मोटरवर हलकी टपली मारा. फिरली तर कार्बन ब्रश झिजलेत. जुना रेडिओ असाच चालायचा, पण तेवढ्यावर घाट चढू नये. फ्यूज पुन्हापुन्हा उडतोय म्हणून जास्त अँपिअरचा घालणारे धन्य. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

फडफड आवाज येतोय? पंख्यात पान अडकलंय. कुबट वासही येतोय? उंदरानं बिऱ्हाड केलं असेल.

थोडा हिशेब. पूर्ण वेगात हा पंखा साधारण दोनशे वॅट खातो. कोयना प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट. म्हणजे कोयनेच्या जिवावर एका वेळी 98 लाख ब्लोअर फिरतील! आपला एक फिरेना.

काच साफ करायची तर हीटर आणि एसी दोन्ही लावा आणि हवा बाहेरची घ्या. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, हीटर काच तापवतो. आतलीच हवा फिरवत ठेवली की श्वासाची वाफ आतच कोंडते. ब्लोअर मेलाच असेल तर खिडक्या बोटभर उघडा. भिजाल, पण दिसेल.

आणि काच पुसताना फडक्याला चिकटपणा लागला, गोडसर वास आला, तर ती श्वासाची वाफ नव्हे. हीटरच्या जाळीतून कूलंट गळतंय.