फाईल सापडली, किल्ली कुठे आहे?

विटा, खानापूर, आटपाडी, किंवा साताऱ्याकडच्या माण-खटावातली गलाईची माणसं देशभर पसरली आहेत. सोनाराच्या दुकानातली धूळ आणि राखसुद्धा ती वाया जाऊ देत नाहीत. मुशीत वितळवून, आम्लात शुद्ध करून त्यातलं सोनं बाहेर काढतात. जुन्या संगणकात बिटकॉइनच्या वॉलेटची फाईल सापडली की अनेकांना वाटतं, यातूनही असंच काहीतरी काढता येईल. पण त्या फाईलमध्ये नाणं नसतंच. कोणत्या पत्त्यावर किती बिटकॉइन आहेत याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर उघडपणे ठेवलेली असते. फाईलमध्ये असते ती बिटकॉइन हलवण्याचा अधिकार देणारी खासगी किल्ली, म्हणजे 256 बिटांची एक संख्या. अशा संख्या एकावर 77 शून्यं इतक्या असू शकतात. त्यामुळे अंदाजाने किल्ली शोधणं अशक्यच.

पासवर्डचा अंदाज मात्र बांधता येतो. बिटकॉइनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये वॉलेटला पासवर्ड लावण्याची सोय 2011 मध्ये आली. तुम्ही टाईप केलेला पासवर्ड किमान 25 हजार वेळा गणिती प्रक्रियेतून जातो आणि मग कुलूप उघडतं. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. समजा एखादा संगणक सेकंदाला हजार पासवर्ड तपासतो. फक्त इंग्रजी छोट्या लिपीतली आठ अक्षरं, बाकी काही आठवत नाही, अशा स्थितीत सगळ्या शक्यता संपवायला साडेसहा वर्षं लागतील. पण ‘गावाचं नाव, पुढे साल, शेवटी एखादं चिन्ह’ एवढं आठवलं, तर 500 गावं, प्रत्येक नाव लिहिण्याच्या तीन तऱ्हा, 50 सालं आणि 10 चिन्हं मिळून साडेसात लाख शक्यता होतात. त्या साडेबारा मिनिटांत तपासून होतात! म्हणून महागड्या यंत्रापेक्षा त्या काळातली डायरी आणि तेव्हाचे इतर पासवर्ड जास्त उपयोगी पडतात.

जो ग्रँड या अमेरिकी तंत्रज्ञाने 2024 मध्ये जाहीर केलेल्या प्रकरणाचंही असंच आहे. 2013 मध्ये एका सॉफ्टवेअरने तयार करून दिलेला पासवर्ड हरवला होता. ते जुनं सॉफ्टवेअर संगणकाच्या घड्याळावरून पासवर्ड रचत असे. हा दोष हेरून त्या काळातल्या तारखा-वेळा घालत गेल्यावर 43.6 बिटकॉइन परत मिळाले.

जुन्या बॅकअपची आणखी एक बाजू फारशी कुणी सांगत नाही. तुम्ही काही रक्कम पाठवलीत की उरलेली रक्कम बहुधा एका नव्या पत्त्यावर जाते आणि त्या पत्त्याची किल्लीही वेगळी असते. पूर्वी वॉलेट अशा 100 किल्ल्या आगाऊ तयार ठेवी. बॅकअप घेतल्यावर तेवढ्या वापरून झाल्या, की पुढची बिटकॉइन त्या बॅकअपमधून दिसतच नाहीत. पण याचा उलटा फायदाही आहे. पासवर्ड लावण्याआधी घेतलेली एखादी प्रत सापडली, तर तिच्यातल्या जुन्या किल्ल्या कुलपाविना मिळतात. म्हणून सगळ्या सीडी आणि पेनड्राइव्ह तपासून पाहावेत.

2013 नंतर वॉलेटच्या किल्ल्या परत मिळवण्यासाठी बारा किंवा चोवीस शब्दांची पद्धत आली. 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून हे शब्द निवडले जातात. बारातला एकच शब्द पुसला गेला असेल, तर शब्दांतच गुंफलेल्या तपासणीच्या बिटांमुळे 128 च्या आसपास शक्यता उरतात. सगळे शब्द आहेत पण क्रम विसरला, तर सुमारे 48 कोटी. त्याही संगणकाच्या आवाक्यात आहेत.

फाईल पुसली गेली असेल, तर त्या डिस्कवर काहीही नवं टाकू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेला मजकूर वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत शिल्लक असतो. आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढायची आणि शोध त्या प्रतीवर घ्यायचा. 2019 च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं. अशा पाण्यात बुडालेल्या डिस्कला वीज जोडणं धोक्याचं. आत शिरलेला गाळ पृष्ठभाग खरवडतो आणि उरलेली माहितीही जाते. ती प्रयोगशाळेकडेच द्यावी.

हे काम कुणाकडे सोपवायचं, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फाईल आणि पासवर्ड ज्याच्या हाती, तो मालक. बँकेसारखा व्यवहार थांबवणारा मध्ये कुणी नाही. पुण्यात 2018 च्या बिटकॉइन फसवणूक प्रकरणाच्या तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन खासगी तज्ज्ञांनाच मार्च 2022 मध्ये अटक झाली. आरोपींच्या वॉलेटमधलं चलन त्यांनी वळवल्याचा आरोप होता. तेव्हा शक्य तेवढं काम स्वतः, इंटरनेट तोडलेल्या संगणकावर करा. बारा शब्द कुणालाही फोनवर सांगू नका.

वॉलेट उघडलं, की बिटकॉइन लगेच नव्या वॉलेटमध्ये हलवा, कारण जुन्या प्रती कुठे कुठे आहेत हे सांगता येत नाही. 1 ऑगस्ट 2017 आधीपासून त्या पत्त्यांवर बिटकॉइन पडून असतील, तर त्याच किल्ल्यांवर, त्या दिवशी बिटकॉइनपासून फुटून निघालेले, तेवढेच ‘बिटकॉइन कॅश’ही असतात. ते नंतर, वेगळे काढा. विक्रीच्या नफ्यावर भारतात 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे आणि वजावट फक्त खरेदीच्या किमतीची मिळते. त्यासाठी खरेदी केली त्या वर्षीचं बँकेचं पासबुकही शोधून ठेवावं लागेल.