भिन्न कार्यप्रणाली, एक प्रिंटर आणि मराठी मजकूर

समजा, पंचवटीतील एखाद्या अभ्यासकेंद्रात एकच प्रिंटर आहे. कार्यालयातील संगणक विंडोजवर चालतो, ग्रंथालयातील लिनक्सवर, तर प्राध्यापकांजवळ मॅक आहे. आपला प्रकल्प-अहवाल सादर करण्याची आज अखेरची तारीख आहे. तो आपण घरी विंडोजवर टंकलिखित केला. छापायचा मात्र लिनक्सवरून आहे. अशा वेळी दोन प्रश्न उद्भवतात : मजकूर प्रिंटरपर्यंत पोहोचेल का, आणि कागदावर मराठीच उमटेल का? टपाल पोहोचणे आणि पत्र वाचता येणे या भिन्न गोष्टी आहेत.

१. मजकूर पोहोचणे

पूर्वी प्रत्येक कार्यप्रणालीची मुद्रणाची रीत निराळी होती. आज ‘इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल’ ही सामाईक नियमावली विंडोज, लिनक्स व मॅक या तिघांनाही समजते. १९९९ साली प्रसृत झालेली ‘कप्स’ ही मुद्रणव्यवस्था याच नियमावलीवर आधारलेली असून लिनक्स व मॅक दोन्ही ती वापरतात. प्रिंटर नेटवर्कला जोडून त्यास न बदलणारा आयपी पत्ता द्यावा. मग प्रत्येक संगणकावर त्याच पत्त्याने तो जोडावा आणि चाचणीपृष्ठ छापून पाहावे.

२. मराठी उमटणे

जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराऐवजी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरास स्वतंत्र क्रमांक असतो. उदाहरणार्थ, ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. त्यामुळे अक्षराची ओळख टिकते. त्याचा आकार मात्र फॉन्टच ठरवितो. फॉन्ट बदलला की ओळी सरकतात, पृष्ठसंख्या बदलते आणि अनुक्रमणिका चुकते. ‘दऱ्या’मधील ‘ऱ्य’सारखी जोडाक्षरेही काही वेळा तुटतात.

यावर उपाय असा : ज्या संगणकावर मजकूर अचूक दिसतो, त्याच संगणकावर फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ तयार करावी आणि तीच छापावी. २००८ पासून पीडीएफ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणक आहे. मूळ धारिका मात्र दुरुस्तीसाठी युनिकोडमध्येच जपावी.

स्वयंअध्ययन प्रश्न : चाचणीपृष्ठ नीट छापले गेले, पण अहवालात रोमन चिन्हे उमटली. दोष नेटवर्कचा की फॉन्टचा? सकारण लिहा.