बेटावर जाताय? नागपूरची दुपार सोबत न्या

अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस जुलै २०२५मध्ये उष्णतेमुळे दुपारी एक ते पाच बंद राहिलं. ग्रीसच्या बेटांवर भरदुपारी उघड्यावरच्या अंगमेहनतीच्या कामाला सरकारने मनाई केली. त्याआधी क्रीट बेटावर वणवा भडकला आणि हजारोंना घरं-हॉटेलं सोडून पळावं लागलं. या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. तरी नागपुरात सीताबर्डीच्या टूरवाल्यांकडे दिवाळीतल्या युरोपची चौकशी थांबली नाही. मोबाइलवर ग्रीसच्या सँटोरिनी बेटाचे निळे घुमट दाखवायचे आणि ‘हे आहे ना यात?’ एवढंच विचारायचं. घुमट असतातच. त्या घुमटांपाशी तुम्हाला किती वाजता नेऊन उभं करणार, हे कोणी विचारत नाही.

आपल्याला वाटतं, युरोप म्हणजे गारवा. सिसिली बेटावरच्या सिराक्यूज भागात ११ ऑगस्ट २०२१ला ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं. युरोपातला हा उच्चांक जागतिक हवामान संघटनेने पुढे तपासून मान्य केला. नागपूरचा उच्चांक ४७.९, तारीख २३ मे २०१३. २०२४मध्ये रामदासपेठेतल्या यंत्राने थेट ५६ दाखवून आपली मान उंचावली होती, पण हवामान खात्याने तो यंत्रातला बिघाड ठरवला. म्हणजे उन्हाच्या बाबतीत एका भूमध्य बेटाने आपल्याला मागे टाकलंय.

पण उन्हाशी कसं वागायचं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मे महिन्यात सीताबर्डीच्या मेन रोडवर दुपारी दोनला खरेदीला जाणारा माणूस नागपूरचा नसतोच. ग्रीक बेटांवरही तसंच. उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच हा तिथे शांततेचा वेळ. नुसता रिवाज नाही, पोलिसांचा नियमच आहे. त्या वेळात आवाज करायचा नाही, शेजाऱ्याला फोन करायचा नाही. गावातली बरीच दुकानं जेवणाच्या वेळी बंद होतात ती संध्याकाळी उघडतात. नऊच्या आत रात्रीच्या जेवणाला बसलात तर आजूबाजूला फक्त पर्यटक दिसतील. घरांचा पांढरा चुना आणि ज्वालामुखीच्या राखेत कोरलेल्या खोल्या, हा सगळा उन्हावरचाच इलाज. फोटोवाले त्याला सौंदर्य म्हणतात.

माझा राग आहे तो टूरच्या कार्यक्रमपत्रिकेवर. सकाळी दहाला बोटीतून उतरायचं, पाचला परत चढायचं. म्हणजे गावकरी ज्या वेळी दार लावून आत असतात, नेमक्या त्याच वेळी आपण पायऱ्यांवर. सँटोरिनीची कायम वस्ती पंधरा हजारांच्या घरात, आणि २०२५मध्ये क्रूझने दिवसाला जास्तीत जास्त आठ हजार माणसं उतरवावीत असा नियम आला. मर्यादा घालून ही गत.

जून २०२४मध्ये मायकेल मोझ्ली हे ब्रिटिश टीव्हीवरचे नावाजलेले आरोग्य पत्रकार ग्रीसच्या सिमी बेटावर दुपारी एकटेच चालत निघाले. चार दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. मृत्यूचं कारण ठामपणे सांगता आलं नाही, उष्माघाताची शक्यता मात्र चौकशीत नोंदवली गेली. आयुष्यभर लोकांना तब्येतीचे सल्ले देणाऱ्या माणसाची ही गोष्ट. आपल्याकडची एखादी आजी त्यांना दारातच अडवती, हातात पन्ह्याचा पेला देती आणि ऊन उतरेपर्यंत बसवून ठेवती.

आता जेवणाचं. ‘तिकडे आपल्याला काय मिळणार’ म्हणून थेपल्यांची पाकिटं भरणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. सँटोरिनीचा प्रसिद्ध पदार्थ फावा. पिवळी डाळ कांद्याबरोबर शिजवून घोटायची, वर ऑलिव्ह तेल, लिंबू, कच्चा कांदा. ही डाळ लॅथिरस वंशातली, म्हणजे भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत पिकणाऱ्या आपल्या लाखोळीची सख्खी चुलत बहीण. बेटावरच्या अक्रोतिरीच्या उत्खननात साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे तिचे दाणे मिळाले. आज युरोपीय संघाने तिचं नाव बेटापुरतं राखून ठेवलंय आणि हॉटेलवाला ती मिरवत ताटात वाढतो.

आणि लाखोळीचं आपण काय केलं? दुष्काळात माणसं महिनोन्‌महिने दुसरं काही न खाता तिच्यावर जगली की पाय लुळे पडतात, हे खरं. डाळीतल्या एका विषारी घटकामुळे ते होतं. १९६१मध्ये विक्रीवर बंदी आली, आणि गरिबाच्या ताटातली स्वस्त प्रथिनं चोरटा माल झाली. बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं भांडले ते नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी. उपोषणं केली, सरकारदरबारी खेटे घातले. रोजच्या मिश्र आहारात ही डाळ घातक नाही, हा त्यांचा मुद्दा. महाराष्ट्राने अखेर बंदी उठवली आणि पुढे कमी विषाच्या वाणांनाही मान्यता मिळाली. तोवर बदनामी मुरली होती. अजूनही ‘लाखोळीची भेसळ’ हेच शब्द आधी कानावर येतात. त्या वंशातली डाळ सँटोरिनीत युरो मोजून खाणाऱ्या नागपूरकराला हे माहीत असावं, एवढीच माझी अपेक्षा. विषय भरकटला म्हणाल, तर भरकटू द्या.

शाकाहाऱ्यांसाठी आणखी एक किल्ली. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास वर्षात बरेच, आणि त्यांत मांस, दूध, अंडी वर्ज्य. म्हणून बहुतेक खानावळींना बिनमांसाचं रांधता येतं. ‘व्हेज’ विचारण्यापेक्षा ‘निस्तिसिमो’, म्हणजे उपासाचं, विचारा; फक्त त्यात कोळंबी-कालवं चालतात, हे लक्षात ठेवा. भात भरलेले टोमॅटो, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या, उकडलेल्या रानभाज्या समोर येतील. तिखट मात्र नाही. सावजीच्या जिभेला तिथे उपासच.

व्हिसाचे ९० युरो, ३० हजार युरोंचा विमा हे टूरवाला सांगतोच. तो सांगत नाही ते असं: जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून जोराचा वारा सुटतो आणि फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीची बोट घेऊ नका. संडासात कागद टाकू नका, सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात, शेजारी डबा ठेवलेला असतो. सँटोरिनीचं नळाचं पाणी बेचव, बाटली घ्या.

दिवाळीचा बेत त्या मानाने शहाणपणाचा. ऑक्टोबरात ऊन उतरलेलं, समुद्र अजून कोमट. २१ जुलै २०२५पासून सँटोरिनी आणि मिकोनोस बेटांवर क्रूझने उतरणाऱ्यांवर उन्हाळ्यात माणशी २० युरो कर लागू झाला, ऑक्टोबरात तो १२. पण महिनाअखेरीस बेटं आवरायला घेतात, बोटी कमी होतात, हॉटेलं कुलपं लावतात. २०२५मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. भाऊबीज आटोपून निघणार असाल, तर पैसे भरण्याआधी हॉटेल त्या तारखांना उघडं आहे का, हे टूरवाल्याकडून लेखी घ्या.