घरबसल्या माल मागवताना कार्डाचे आकडे जपा



कुरुळीसारख्या गावात आता एकाच घरात दोन कार्डं सापडतात. वडिलांकडे किसान क्रेडिट कार्ड, आणि चाकणच्या कारखान्यात जाणाऱ्या मुलाकडे बँकेचं क्रेडिट कार्ड. दोन्हींवरचा पैसा उधारीचा. चोरानं तो उचलला तर घर कर्जात पडतं, वर व्याज चढतं. म्हणून फवारणीचा पंप मागवा की ठिबकच्या नळ्या, कोणते आकडे कुठे द्यायचे हे घरात सर्वांना ठाऊक असावं.

बहुतेक कार्डांवर सोळा आकडी नंबर, मुदतीचा महिना-वर्ष आणि बहुधा मागच्या बाजूला तीन आकडे असतात. आपल्या देशातल्या दुकानाला एवढ्यावर पैसे मिळत नाहीत, मोबाईलवर येणारा ओटीपीही लागतो. परदेशातल्या काही दुकानांत मात्र ओटीपीवाचूनही व्यवहार होतो. तेव्हा कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणं म्हणजे घराची किल्ली पाठवणंच झालं! परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत सांगून बंद ठेवता येतो. खर्चाची मर्यादाही तिथेच ठरवून घ्या.

आकडे भरायचे ते दुकानाच्या पैसे भरण्याच्या पानावर, स्वतःच्या हातानं. पानावर कुलपाचं चित्र दिसलं म्हणून दुकान खरं ठरत नाही. दुकानाचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. खरा विक्रेता फोनवर तीन आकडे किंवा ओटीपी विचारत नाही. "स्क्रीन दिसेल असं ॲप घ्या, मी भरून देतो," असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्यावा. दुकान अनोळखी असेल तर माल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय आहे का ते विचारा. नसेल तर चाकणच्या पेठेत पंप मिळतोच की.

ओटीपीचा संदेश बहुतेक जण अर्धाच वाचतात. त्यात रक्कम आणि बहुधा दुकानाचं नावही असतं. पंप अडीच हजारांचा आणि संदेशात पंचवीस हजार, तर तिथेच थांबायचं. माल पोचवणारा पोऱ्या दारात येऊन आकडा मागतो, तो निराळा. त्या संदेशात बँकेचं नाव नसतं, आणि पुडकं हातात पडल्यावरच तो सांगावा.

"कार्ड साठवून ठेवू का?" असं दुकानाचं पान विचारतं. १ ऑक्टोबर २०२२ पासून देशातल्या दुकानांना पुरा नंबर ठेवता येत नाही. त्याऐवजी त्या दुकानापुरता बदली नंबर राहतो. तरी एकदाच खरेदी करायची असेल तर "नाही" म्हणावं.

इतकं करूनही पैसे गेले तर? रिझर्व्ह बँकेनं २०१७ साली नियम घालून दिला. चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, अशा वेळी बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर खातेदारावर भार नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, आणि कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. म्हणजे "उद्या शाखेत जाऊ" म्हणण्यात रात्रीत आणखी पैसे जायचे. कार्डामागच्या नंबरावर लगेच फोन करून कार्ड बंद करा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मग १९३० या सरकारी मदत क्रमांकावर रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव सांगा. मोबाईलमधले संदेश पुसू नका.